ताईले उत्तर येत होतं

आमच्या गावात पहिला टीव्ही आला तो इंग्रजीच्या सरांकडे. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीतला, दोन्हीकडून शटर सरकवून बंद करायचा, आणि वर कवेलूच्या छपरावर बांबूला बांधलेला अँटेना. वारं सुटलं की चित्रावर मुंग्या यायच्या, मग एखादा पोट्टा छपरावर चढून "आली का, आली का" ओरडणार आणि खालून आम्ही सगळे "थोडी अजून, थोडी अजून, हां बस बस". गाव दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जीच्या मधातलं. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की ताई कोण हे त्या भागातल्या कोणालाही लगेच समजेल आणि तिला ते आवडणार नाही.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. बहात्तरच्या दुष्काळातली. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान.

पिक्चरला आणि पौराणिक सिरीयलला सरांच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची, पण 'क्विझ टाइम' लागला की लोक उठून जायचे. सगळं इंग्रजीत, कोणाला काय समजणार. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेला कार्यक्रम, सिद्धार्थ बसू प्रश्न विचारायचे आणि कॉलेजच्या टीमा उत्तरं द्यायच्या. शेवटी उरायचो आम्ही तिघंच, सर, ताई आणि मी, आणि मी तिथं फक्त ताई होती म्हणून.

ताई तेव्हा आठवी-नववीत असेल. इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, म्हणजे तिला वाचता यायचं पण कानानं ऐकून समजणं फार अवघड, त्यात ती पोरं इतकी भरभर बोलायची. पण तिनं एक पद्धत शोधून काढली होती ती मला अजून आठवते. प्रश्न पूर्ण समजून घ्यायचाच नाही. त्यातली नावं पकडायची. "कॅपिटल" ऐकू आलं आणि पुढं "केनिया" ऐकू आलं की झालं, ताई म्हणणार "नैरोबी". "हू" आलं की माणूस शोधायचा, "व्हेअर" आलं की जागा, "व्हेन" आलं की साल. मग "इन्व्हेंट" किंवा "डिस्कव्हर" यातलं काय आहे ते पाहायचं. म्हणजे पिंपळाखाली सांडलेल्या दाण्यातून आपले दाणे वेचावेत तशी ती त्या इंग्रजीतून तिच्या कामाचे शब्द वेचायची, आणि खरं सांगतो, पाच-सहा तरी उत्तरं त्या कॉलेजच्या पोरांच्या आधी तिच्या तोंडातून यायची. सर मान डोलवायचे. एकदा ते म्हणाले, "पोरी, तू तिथं पाहिजे होती."

घरी येताना अंधारात ती मला म्हणाली, "मले उत्तर येते रे बापू, पन मले इचारते कोन?"

हे वाक्य मी चाळीस वर्षं सोबत घेऊन फिरतोय आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे. क्विझ शो म्हटलं की लोक बक्षिसाबद्दल बोलतात, किंवा कोण किती हुशार याबद्दल. मला वाटतं त्याच्या आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे प्रश्न कोणाला विचारला जातो, आणि कोणत्या भाषेत.

रेडिओवर त्याच्याही आधीपासून बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट होती, १९७२ पासून. आधी हमीद सयानी, आणि ते गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी. शाळांच्या टीमा असायच्या पण त्या मोठ्या शहरातल्या शाळा, इंग्रजी मीडियमच्या. ज्या वर्षी ताई जन्मली त्याच वर्षी हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबई दूरदर्शनही सुरू झालं, पण आमच्यापर्यंत यायला दोघांनाही बराच वेळ लागला. रेडिओ आमच्या घरी होता, बाबा बाजारभाव आणि बातम्या ऐकायचे, सेल संपतील म्हणून बाकी वेळ बंद.

नववीत ताईची तालुक्याच्या प्रश्नमंजुषेत निवड झाली. शाळेनं पाठवलेली दोन पोरं आणि ती. बजर वगैरे नव्हता, प्रत्येक टेबलावर सायकलची घंटी ठेवली होती, ज्याची आधी वाजेल त्यानं उत्तर द्यायचं. मी बाबांच्या सोबत गेलो होतो. एक टीम होती, कुठली ते लिहीत नाही, त्यांची घंटी प्रश्न अर्धा असतानाच वाजायची. "भारताच्या घटना समितीचे..." एवढं म्हटलं की ट्रिंग, आणि उत्तर बरोबर. अरे पण घटना समितीचे काय? अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, काय विचारणार होते ते तुला कसं माहीत? ताई माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, राग होता. आम्ही दुसरे आलो. नंतर त्या टेबलाखाली चौघडी घातलेला एक कागद सापडला, बाबांनी तो आयोजकांना नेऊन दिला, त्यांनी तो खिशात घातला आणि सांगितलं "पाहू". पुढं काहीच नाही झालं. ताईला स्टीलचा डबा मिळाला, तो अजून तिच्याकडे आहे, त्यात ती तुरीची डाळ ठेवते.

आता हे सगळं मी विसरलो असतो, पण खूप वर्षांनी नोकरी लागल्यावर अमेरिकेतल्या सुरुवातीच्या टीव्ही क्विझबद्दल वाचायला मिळालं आणि मी रात्रभर झोपलो नाही. कारण तिथंही एक कागदच सापडला होता. म्हणजे वही.

झालं असं की १९५५ च्या जूनमध्ये सीबीएस वाहिनीवर 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' नावाचा शो सुरू झाला. रेडिओवर असाच एक खेळ आधी होता त्यात वरची रक्कम ६४ डॉलर होती, टीव्हीवर येताना ती हजारपट केली. शो तुफान चालला, मग प्रत्येक वाहिनीला असा शो हवा झाला. १९५६ मध्ये एनबीसीवर 'ट्वेंटी-वन' आला. दोन माणसं काचेच्या दोन खोल्यांत उभी, कानाला हेडफोन, एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. आतली हवा मुद्दाम बंद ठेवायचे म्हणजे माणसाला घाम येईल आणि पाहणाऱ्याला वाटेल बापरे किती विचार करतोय.

त्यात हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक माणूस जिंकत होता. न्यूयॉर्कचाच, साधा, सैन्यात राहून आलेला, खरंच खूप वाचलेला. पण प्रोड्यूसरनं त्याला ढगळ सूट घालायला लावला, केस बारीक कापायला लावले, म्हणजे तो गरीब बिचारा दिसावा. आणि उत्तरं त्याला आधी दिलेली असायची, कुठं थांबायचं, कुठं कपाळ पुसायचं हेही सांगितलेलं. मग काही आठवड्यांनी लोकांना तो कंटाळवाणा वाटायला लागला असं त्यांना वाटलं, तर त्यांनी चार्ल्स व्हॅन डोरेन आणला. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा, देखणा, मोठ्या लेखकांच्या घरातला. आणि स्टेम्पेलला सांगितलं, आता तू हरायचं.

हरायचं कसं, तर १९५५ च्या सर्वोत्कृष्ट पिक्चरचं ऑस्कर कोणाला मिळालं या प्रश्नावर. उत्तर होतं 'मार्टी'. स्टेम्पेलनं तो पिक्चर पाहिलेला होता, त्याचा आवडता होता. आणि कोट्यवधी लोकांसमोर त्याला त्याऐवजी आदल्या वर्षीच्या पिक्चरचं नाव घ्यावं लागलं.

हे वाचलं आणि मला ताईच दिसली. उत्तर येत असून ते देता न येणं म्हणजे काय असतं हे ज्यानं घरात पाहिलंय त्यालाच समजेल. फरक एवढाच की स्टेम्पेलला खुर्ची तरी मिळाली होती. (त्यानं पैसे घेतले, सुरुवातीला तोही त्या खोट्यात सामील होता, हे मला माहीत आहे. तरी त्या एका उत्तराचं वाईट वाटतं ते वाटतंच.)

पुढं त्यानं जाऊन तक्रार केली तर कोणी विश्वास ठेवला नाही, हरला म्हणून जळतोय म्हणाले. व्हॅन डोरेन जिंकत राहिला, १,२९,००० डॉलर कमावले, घराघरात त्याचं नाव झालं. आणि मग १९५८ मध्ये 'डॉटो' नावाच्या दुसऱ्याच एका शोमध्ये, बाहेर आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या एका स्पर्धकाला आत खेळणाऱ्या बाईची वही सापडली, आणि वहीत त्याच दिवसाची उत्तरं लिहिलेली. तिथून सगळं उसवत गेलं. तो शो ऑगस्टमध्ये बंद पडला, मग ट्वेंटी-वनही, मग अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर चौकशी, आणि २ नोव्हेंबर १९५९ ला व्हॅन डोरेननं स्वतः उभं राहून कबूल केलं की मला उत्तरं आधी दिली जायची. १९६० मध्ये कायदा बदलला, टीव्हीवरच्या क्विझमध्ये अशी लबाडी करणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे तोपर्यंत तो गुन्हाच नव्हता!

मी ताईला फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे तिथं वही सापडल्यावर कोनी खिशात नाई घातली."

मी पुढं निघून गेलो पण मधल्या काळातलं राहिलं. ताई दहावी झाली, चांगल्या मार्कानं, आणि १९९० मध्ये तिचं लग्न झालं. मी अमरावतीला कॉलेजला गेलो. आमच्या घरात एकालाच पुढं शिकवण्याइतके पैसे होते आणि तो एक मी होतो. याच्यावर ताई कधीच काही बोलली नाही. मी बोलतोय.

सासरी टीव्ही होता. तेव्हा दूरदर्शनवर 'सुरभि' लागायचं, सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. शेवटी एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. ताई दर आठवड्याला पाठवायची, पण खाली नाव माझं आणि पत्ता अमरावतीच्या माझ्या खोलीचा, कारण सुनेच्या नावानं दिल्ली-मुंबईहून पत्र आलं तर घरात काय म्हणतील. कार्ड १५ पैशांचं होतं. देशभरातून इतकी कार्डं जायची की एका आठवड्यात १४ लाख पत्रं आल्याचा विक्रम त्या कार्यक्रमाच्या नावावर आहे, शेवटी पोस्ट खात्यानं असल्या स्पर्धांसाठी २ रुपयांचं वेगळं स्पर्धा पोस्टकार्डच काढलं. २ रुपये झाले तसं ताईचं पाठवणं महिन्यातून एकदा झालं. नंबर कधी लागला नाही. पण त्या कार्यक्रमाचं मला आजही कौतुक वाटतं, कारण हिंदीत विचारायचे आणि कार्ड टाकायला कॉलेजची टीम लागत नव्हती, पोस्टाची पेटी पुरत होती.

मग ३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. स्टार प्लस, रात्री नऊ, अमिताभ बच्चन. मूळ शो इंग्लंडचा, १९९८ चा. आमच्याकडे नऊला जेवणं आटोपून गावं चिडीचूप व्हायची, पण तेव्हा ज्याच्या घरी केबल त्याच्या अंगणात खाटा टाकलेल्या असायच्या. लाईन गेली तर लोक शिव्या द्यायचे. आणि गंमत म्हणजे हा शो बनवणाऱ्यांत पुन्हा सिद्धार्थ बसूच होते, तेच क्विझ टाइमवाले. पण पंधरा वर्षांत सगळं बदललं होतं. प्रश्न हिंदीत. चार पर्याय समोर. एकटा माणूस, त्याला कॉलेज लागत नाही, टीम लागत नाही. पहिला प्रश्न इतका सोपा की शेतातून आलेल्या सालदारालाही उत्तर यावं आणि त्याला वाटावं की आपणही तिथं बसू शकतो.

इथं एक गोष्ट सांगतो, ती ताईनं शोधलेली. करोडपतीच्या पायऱ्या बघा, १०,००० नंतर २०, ४०, ८०, मग १,६०,०००, ३,२०,०००, ६,४०,०००. आणि अमेरिकेतला तो १९५५ चा शो, १,००० नंतर २, ४, ८, १६, ३२ आणि ६४,०००. दोन्हीकडे सहा वेळा दुप्पट. एका जागी हजारावरून, एका जागी दहा हजारावरून. "तीच शिडी हाय, फक्त एक शून्य वाढवलं," ताई म्हणाली. मी कॉमर्सवाला असून माझ्या लक्षात नव्हतं आलं.

ताईनं त्या शोमध्ये नाव द्यायला फोन लावायचा ठरवला. तिच्या घरी फोन नव्हता. तालुक्याला एसटीडी बूथवर जायची, नंबर सतत एंगेज, पुन्हा फिरव, पुन्हा एंगेज, मागे लोक उभे, बूथवाला म्हणायचा बाई आता राहू द्या. आणि समजा लागला तर उलटून फोन कुठं येणार? तिनं किराणा दुकानदाराला विचारून ठेवलं होतं, त्याचा नंबर देऊ का म्हणून. तो बिचारा चांगला माणूस, हो म्हणाला. पण फोन काही लागला नाही. चार महिने ती हे करत होती, भाजीच्या पैशातून.

ऑक्टोबरमध्ये हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला, मुंबईचा, युपीएससीचा अभ्यास करणारा मराठी मुलगा. शेवटचा प्रश्न होता की संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला राज्यघटना यातल्या कोणाला परवानगी देते, उत्तर ॲटर्नी जनरल. दुसऱ्या दिवशी दुकानातून ताईचा फोन. "बापू, त्याले मराठीत महान्यायवादी म्हनतात ना? मंग मले येत होतं." इंग्रजी नाव तिला नव्हतं माहीत, पण महान्यायवादी कोण आणि त्याला सभागृहात बोलता येतं पण मत देता येत नाही हे तिला पाठ होतं. म्हणजे तिच्याकडे उत्तर होतं, फक्त त्या चार चौकोनांत तिच्या भाषेतलं नव्हतं.

२००४ ला 'होम मिनिस्टर' आलं, आदेश बांदेकर घरोघरी जाऊन वहिनींना खेळवायचे आणि पैठणी द्यायचे. ते आमच्या मायला फार आवडायचं, ताईला तितकं नाही, त्यात प्रश्न कमी असायचे. २०१३ ला ईटीव्ही मराठीवर 'कोण होईल मराठी करोडपती' लागलं, सचिन खेडेकर मराठीत विचारायला लागले. त्या दिवशी ताईनं टीव्हीचा आवाज इतका वाढवला की सासरे बाहेरून विचारायला आले, काय झालं.

आणि मग सप्टेंबर २०१९. बबिता ताडे. अंजनगाव सुर्जीच्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या, महिन्याला १,५०० रुपये मानधन. अमिताभसमोर बसून शांतपणे, एकेक करत, एक कोटी. आमच्या गावाहून अंजनगाव म्हणजे बाजाराचं गाव, पानमळे पाहायचे तर तिथं जायचं. त्यांना विचारलं पैशाचं काय करणार, तर म्हणाल्या स्वतःसाठी एक मोबाईल घ्यायचा आहे, घरात सगळ्यांत मिळून एकच आहे म्हणून.

मी त्या रात्री ताईला फोन लावला तर एंगेज. अर्धा तास एंगेज. मग तिचाच आला. ती रडत होती आणि बोलत होती, काही समजत नव्हतं, एवढंच समजलं की "इचारलं रे बापू, इचारलं तिले."

त्यानंतर ताईनं गावात गणपतीत प्रश्नमंजुषा सुरू केली. सासरच्या गावात. बायका आणि शाळेतली पोरं, दोन्ही सोबत. प्रश्न ती स्वतः काढते, महिनाभर आधीपासून, आणि पाकिटात घालून ते पाकीट खळ लावून बंद करते, आणि सुरू करायच्या आधी सगळ्यांसमोर फिरवते, पाहा बाप्पा, कुठं उसवलं का. पहिल्या रांगेतल्या एखाद्या म्हातारीच्या हातून फोडते. उत्तर वऱ्हाडीत दिलं, हिंदीत दिलं, बंजारा बोलीत दिलं तरी चालतं, शब्द तिला समजला नाही तर ती विचारून घेते. सायकलची घंटी मात्र तिनं ठेवलेली नाही. हात वर करायचा आणि प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबायचं.

मीच तिला एकदा सांगितलं होतं की अमेरिकेत त्या भानगडीनंतर मर्व ग्रिफिन नावाच्या माणसाला त्याच्या बायकोनं सुचवलं, लोकांना आधी उत्तरं दिली म्हणून एवढा गोंधळ झाला ना, तर सरळ उत्तरच दे आणि त्यांना प्रश्न करायला लाव. त्यातून १९६४ ला 'जेपर्डी' निघालं. ताईला हे इतकं आवडलं की शेवटची फेरी तिनं तशीच ठेवली. ती उत्तर सांगते, समोरच्यांनी प्रश्न सांगायचा.

मागच्या वेळी मी गेलो होतो. ताईनं उत्तर वाचलं, "शकुंतला."

शकुंतला म्हणजे आमची छोट्या रुळांची गाडी, यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर. आता बंद आहे. सातवीतल्या एका पोरानं हात वर केला, "स्वातंत्र्यानंतरही जिच्या रुळांची मालकी ब्रिटिश कंपनीकडे होती ती गाडी कोणती?" टाळ्या. दहा मार्क. एका पोरीनं म्हटलं, "कापूस न्यायला इंग्रजांनी वऱ्हाडात सुरू केलेली गाडी कोणती?" तिलाही दहा.

मग मागून एका आजीनं हात वर केला. ऐंशीच्या पुढच्या असतील, सुनेनं धरून उभं केलं. ताई म्हणाली, "हां माय, इचारा."

"माह्या लग्नाची वरात कायच्यात आली होती?"

मांडव हसला. ताई हसली नाही. तिनं वहीत आजीचं नाव लिहिलं, पुढं दहा मार्क मांडले, आणि विचारलं, "कोन्या सालची गोष्ट, माय?"